वृषणाला पीळ बसल्यानंतर



नववी-दहावीतला मुलगा पहाटे पोट धरून उठतो, त्याला उलटी होते. आई ओवा देते, वडील म्हणतात बाहेरचं खाल्लं असेल. खरी कळ असते वृषणात. पण ते सांगणार कुणाला? ज्या दोरीला वृषण टांगलेलं असतं, तिलाच पीळ बसून रक्तपुरवठा थांबलेला असतो. 6 तासांच्या आत शस्त्रक्रियेने पीळ सोडवला, तर 10 पैकी 9 मुलांचं वृषण वाचतं. 24 तास उलटले, तर क्वचितच. वृषण सैल राहण्याची जन्मजात ठेवण बरेचदा दोन्ही बाजूंना असते, म्हणून त्याच वेळी दुसरंही टाके घालून पक्कं करतात.

वृषण वाचलं नाही आणि काढावं लागलं, की आईवडील खालच्या आवाजात विचारतात, "डॉक्टर, याचं लग्न, मुलंबाळं?"

वृषणाची कामं दोन: शुक्रजंतू तयार करणं आणि टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन तयार करणं. दोन्हींच्या पेशी वेगळ्या. रक्तपुरवठा तुटला की शुक्रजंतूंच्या पेशी आधी दगावतात, हार्मोनच्या पेशी जास्त तग धरतात. त्यामुळे उशिरा सोडवलेलं वृषण जागेवर राहूनही पुढे काही महिन्यांत आक्रसू शकतं. मात्र दुसरं निरोगी असेल, तर आवाज, दाढीमिशी, कामेच्छा यांत सहसा काही उणं पडत नाही. काहींच्या शुक्रजंतूंची संख्या कमी भरते. तरी बहुतेकांना मूल होतं.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. "आपल्याला एकच" या न्यूनगंडापायी काही तरुण जिममध्ये कुणाच्या तरी सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. हार्मोन बाहेरून मिळालं, की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणाला हुकूम देणं थांबवते आणि शुक्रजंतू तयार होणंच बंद पडू शकतं. पीळ बसून जे नुकसान झालं नव्हतं, ते असं ओढवून घेतलं जातं.

शंका असेल तर सज्ञान झाल्यावर वीर्यतपासणी करावी, सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पाहावं. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. तेव्हा एका रिपोर्टवर हाय न खाता तेवढ्या काळाने पुन्हा तपासावं. उरलेलं एक जपायचं, म्हणून क्रिकेट खेळताना गार्ड मात्र विसरू नये.

आणि पालकहो, मुलाला आजच सांगून ठेवा: तिथे अचानक दुखलं, तर रात्री 2 वाजले असले तरी आम्हाला उठव.