किमान मजुरी मागणारे मालक



कामगार चळवळीतल्या माणसाने मालकांच्या संघटनेवर व्याख्यान द्यावे, हे ऐकून आमच्याच काही सोबत्यांनी नाके मुरडली. त्यांस आम्ही एवढेच म्हणतो की, आधी ऐकून घ्या आणि मग मुरडा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. त्यांत इलेक्ट्रिशियनही आहेत. तेव्हापासून आय.टी.आय. झालेली पोरे आमच्या कचेरीत येऊन विचारतात, "काका, तिकडे मजुरी किती?" आकडा सांगणे सोपे आहे. पण तो आकडा कोणाच्या बळावर टिकतो, हे सांगावयाचे तर तेथील विजेची कामे करणाऱ्या धंदेवाल्यांच्या मध्यवर्ती संघाची हकीकत सांगावी लागते.

हे धंदेवाले म्हणजे मोठे कारखानदार नव्हेत. घरांची वायरिंग करणारे, मोटारी दुरुस्त करणारे, छपरावर सौर पट्ट्या बसविणारे, सरासरीने दहा-बारा माणसे हाताशी असलेले कारागीर मालक. असे सुमारे पन्नास हजार धंदे आणि त्यांत पाच लाखांच्या आसपास माणसे. गावाच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवर त्यांची 'इन्नुंग' असते. इन्नुंग म्हणजे आपल्या जुन्या भाषेत श्रेणी. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेव ठेवल्याचा लेख आहे. तेव्हा ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. इन्नुंगांचे मिळून राज्यसंघ आणि राज्यसंघांचा मिळून फ्रांकफुर्टचा मध्यवर्ती संघ, अशी ही उतरंड आहे. इन्नुंगचे सभासद होणे ऐच्छिक आहे. हस्तव्यवसाय मंडळाचे सभासदत्व मात्र कायद्याने सक्तीचे. या दोहोंची गल्लत पुष्कळ जण करतात.

संघाची नित्याची कामे आम्ही भराभर सांगून टाकतो. सुरक्षिततेच्या नियमांचा अर्थ लावून तो सभासदांपर्यंत पोहोचविणे, सरकारदरबारी बाजू मांडणे, घरांच्या वायरिंगची तपासणी एका ठरीव पद्धतीने करून देणे, आणि उमेदवारांच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम काळाप्रमाणे बदलून घेणे. उमेदवारी साडेतीन वर्षांची असते. थोडे दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कामावर, अशी ही रीत आहे. शेवटी परीक्षा, आणि त्यानंतर स्वतःचा धंदा थाटावयाचा तर 'माइस्टर' म्हणजे उस्तादाची पदवी.

ही उस्तादाची अट १९५३ च्या कायद्यात आहे. २००४ च्या आरंभी सरकारने ५३ हस्तव्यवसायांवरून ती उठविली. हेतू असा की, धंदा खुला व्हावा. विजेचे काम मात्र धोक्याचे म्हणून अट कायम राहिली. ज्यांची अट उठली त्यांत फरशी बसविणारे होते. त्या धंद्यात एकेकट्या माणसांचे धंदे भराभर वाढले, आणि उमेदवारांस शिकविणारा कोणी उरेना. अखेर २०२० मध्ये फरशीवाल्यांसह १२ धंद्यांस ही अट पुन्हा लागू करावी लागली. अर्थात अटीमुळे आत असलेल्यांचे फावते आणि बाहेरचा बाहेर राहतो, हेही खरे आहे. मालकांचा संघ म्हणजे काही धर्मशाळा नव्हे.

आता मुख्य गोष्ट. १९९०-नंतरच्या काळात युरोपातील इतर देशांतून स्वस्त मजुरीच्या तुकड्या जर्मनीतल्या बांधकामांवर येऊ लागल्या. ज्याचे टेंडर हलके त्याला काम. अशा वेळी आपल्याकडचा मालक काय करतो? आपलीही मजुरी कापतो. तेथे मालकांचा संघ आणि आय. जी. मेटल ही कामगार संघटना एका मेजाशी बसल्या आणि त्यांनी विजेच्या कामासाठी किमान मजुरी ठरविली. १९९७ पासून ती अमलात आली. पुढे काही वर्षांचा खंड पडला, आणि पुन्हा सुरू झाली. कोणाही कामगारासाठी सर्वसाधारण किमान मजुरीचा कायदा त्या देशात आला तो २०१५ साली.

यातली खुबी अशी की, करार दोघांचा असला तरी सरकारने तो सर्वांस बंधनकारक करावयाचा. सभासद असो वा नसो, परदेशाहून माणसे आणणारा असो, तेवढी मजुरी दिलीच पाहिजे. आणि ती दिली की नाही हे तपासतात जकात खात्याची माणसे! आम्ही प्रथम वाचले तेव्हा छापण्यात चूक झाली असावी असे वाटले. २०२५ साली सर्वसाधारण किमान मजुरी ताशी १२.८२ युरो होती, तर विजेच्या कामाची १४.४१ युरो. २०२८ पर्यंतचे आकडेही आधीच ठरवून ठेविले आहेत. त्या वर्षी ती १६.१० होईल.

मालक हे का करतात? कामगारांच्या प्रेमापोटी नव्हे. मजुरीच्या खाली जाता येत नसेल, तर चढाओढ कसबाची होते. आणि कसबाच्या चढाओढीत ते टिकतात. आमचा स्वार्थ आणि त्यांचा स्वार्थ या एका ठिकाणी जुळला, एवढेच. शिवाय पळवाटा शोधणारे तेथेही आहेत. इन्नुंगचे फायदे घ्यावयाचे पण मजुरीच्या कराराने बांधले जावयाचे नाही, असे सभासदत्व एका इन्नुंगने काढले होते. २०१६ मध्ये तेथील वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने ते बेकायदा ठरविले.

आपल्याकडे ठेकेदारास परवाना लागतो, वायरमनास परवाना लागतो, विद्युत निरीक्षकही असतो. पण काही वर्षांपूर्वी आम्ही एका इमारतीच्या तळघरात उभे होतो. एकोणीस वर्षांचा हेल्पर ओल्या जमिनीवर उभा राहून पंपाची जोडणी करीत असता गेला होता. अर्थिंग बिलात होते, जमिनीत नव्हते. आम्ही ठेकेदाराच्या अंगावर धावून गेलो. तो खाली मान घालून म्हणाला, "दादा, मी अर्थिंग धरून दर दिला असता तर हे काम मला मिळालेच नसते." आम्ही त्याला तेव्हा क्षमा केली नाही, आजही केलेली नाही. पण ते वाक्य डोक्यातून गेले नाही.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही गावातल्या विजेच्या ठेकेदारांस चहाला बोलाविले. तीस जणांस चिठ्ठ्या पाठविल्या, अकरा आले. मजुरीचा एक दर ठरवू आणि त्याच्या खाली टेंडर भरणार नाही असे लिहून देऊ, असे आम्ही सुचविले. दोघांनी तेथेच सही केली. बाकीचे म्हणाले, "शेजारचा करील तर आम्ही करू." दुसरी बैठक येत्या महिन्यात आहे. चिठ्ठ्या पुन्हा तीसच जाणार आहेत.