विद्यापीठ कोणते?

मुलीला एम.कॉम.ला कोल्हापूरला का धाडले नाही, असे आम्हांला विचारले जाते. विचारणाऱ्यांचे चुकत नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासूनचे; सीमाभागाची ओढ तिकडेच. वसतिगृह, खानावळ यांचा हिशेबही आम्ही मांडला (बँकेतली सवय!). पण अडले ते पैशांवर नाही.

२०१० साली बेळगावजवळ भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. तेथे आमची मुले गेलीच नाहीत, तर मराठीसाठी तोंड कोण उघडणार? महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा बेळगावात मराठी माणूस उरलेला हवा ना?

मुलगी म्हणाली, "बाबा, मी इथंच शिकते." फॉर्म भरला. तिची आई मात्र अजून आमच्याशी धड बोलत नाही.