बीजांडाची तहकुबी



विष म्हटले की किती मात्रेने प्राण जातो एवढाच हिशेब आपण मांडतो. परंतु बीजांडाच्या आणि गर्भाच्या बाबतीत मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची असते. स्त्रीची बीजांडे ती स्वतः आईच्या उदरात असतानाच तयार होतात, तेथेच त्यांच्या अर्धसूत्री विभाजनाला आरंभ होतो, आणि मग एखादा खटला तहकूब व्हावा तसे ते विभाजन जे थबकते, ते त्या त्या बीजांडाची पाळी येईपर्यंत, म्हणजे कधी १५ तर कधी ४० वर्षे, पुढे सरकत नाही.

हा खटला पुन्हा उभा राहतो त्या घटकेला काय बिघडू शकते, याचा दाखला एका धुलाईच्या चुकीने मिळाला. १९९८ च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट या विदुषी उंदरांची बीजांडे तपासत असता, केवळ तुलनेसाठी पाळलेल्या निरोगी माद्यांतच, जेथे एरवी शेकडा एकदोन बीजांडे सदोष निघत, तेथे शेकडा ४० निघू लागली. चातीच्या आकाराच्या तंतुरचनेवर मध्यरेषेत शिस्तीने उभी राहावयाची गुणसूत्रे वाटेल तशी विखुरलेली. अशा बीजांडातून जो गर्भ होतो त्यात एखादे गुणसूत्र अधिक वा उणे पडते, आणि मनुष्यजातीत असे बहुतेक गर्भ गळून जातात. तपासाअंती उघड झाले ते असे, की पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या कोणी फरशी धुण्याच्या तीव्र द्रावाने घासल्या होत्या, आणि झिजलेल्या प्लास्टिकातून बिस्फिनॉल ए झिरपत होते. बाईंनी मग तेच नुकसान मुद्दाम घडवून पाहिले, औषधासारखे मोजून ते रसायन पाजले, आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००७ मध्ये तर गाभण मादीला दिलेले बिस्फिनॉल तिच्या पोटातील पिलांच्या बीजांडांपर्यंत पोचते, म्हणजे आजीने घेतलेला घोट नातवंडांना बाधतो, असे दिसून आले.

उंदरावरून माणसाची कुंडली मांडू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र तो दोन्ही बाजूंनी कापतो. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले आणि १९६१ अखेर मागे घेतलेले थॅलिडोमाइड हे औषध उंदरांना फारसे बाधत नसे, आणि तरीही गर्भधारणेनंतरच्या सुमारे २० ते ३६ या दिवसांत ते घेतलेल्या मातांच्या पोटी दहा हजारांहून अधिक बालके हातापायांनी अधू जन्मली. तीच गोळी काही आठवड्यांनी घेतली असती, तर ते अवयव घडून चुकलेले असते.

पिंजऱ्यांचे म्हणाल, तर ते बदलले गेले. पॉलिसल्फोनचे नवे पिंजरे आले. आणि पुढे हंटबाईंच्याच प्रयोगशाळेत तुलनेच्या उंदरांच्या जननपेशींत पुन्हा गडबड दिसू लागली, तेव्हा त्या झिजलेल्या पिंजऱ्यांतून आता बिस्फिनॉल एस झिरपत असल्याचे आढळले. ही हकिकत प्रसिद्ध झाली २०१८ मध्ये, पहिल्या धुलाईनंतर वीस वर्षांनी.