पदक आणि प्रमाणपत्र



'देशासाठी तुमच्या लोकांनी काय केलं?' हा प्रश्न इथे परभणीत तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. मग आपण घाईघाईने शूर मुस्लिम सैनिकांची यादी वाचून दाखवतो. मीही वाचायचो. आज त्या यादीतल्या एकाविषयीच बोलतो.

जमादार मीर दस्त. तिराहचा आफ्रिदी पठाण. २६ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये, ईप्रच्या लढाईत, जर्मनांनी विषारी वायू सोडला. आपल्या जवानांकडे गॅस मास्क नव्हते. पलटणीत एकही इंग्रज अधिकारी उरला नाही. मीर दस्तने विखुरलेले जवान गोळा केले, माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांना सांभाळलं. भर गोळीबारात आठ इंग्रज आणि हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेण्यास मदत केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९११ पर्यंत हिंदी सैनिक या पदकाला पात्रच नव्हते.

आता यादीत नसलेली गोष्ट. त्याचा सख्खा भाऊ मीर मस्त त्याच वर्षी मार्चमध्ये साथीदारांसह जर्मनांना जाऊन मिळाला होता.

एकाच घरातले दोघे. यातला 'कौम' कोण? कोणीच नाही. ती दोन माणसं होती, आपापला निर्णय घेणारी.

म्हणून मीर दस्तला जरूर आठवा. पण निष्ठेचा दाखला म्हणून नको. जखमींना उचलताना त्याने गोरा-काळा पाहिला नाही, म्हणून आठवा. आपलं नागरिकत्व संविधानाने दिलेलं आहे. ते कुणाच्या पदकावर टिकलेलं नाही.