कसर आणि आईची शाल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला, "घरगुती विषयावर चार शब्द बोला," असे सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहायची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे ठाऊक आहे तेच सांगा." मला ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे कसर. लोकरीचे आणि रेशमाचे कपडे खाणारी कसर. हे ज्ञान मी घरचे नुकसान करून घेऊन मिळवले आहे. तुमचे तसे होऊ नये म्हणून सांगते.

माझी आई जाऊन पाच वर्षे झाली. तिच्यामागे दागदागिने नव्हते. होती ती एक तांबडी लोकरीची शाल. कार्तिकात काकड आरतीला ती हीच शाल पांघरून जाई. मी थोरली, म्हणून शाल माझ्याकडे आली. तिला आईचा वास येई, म्हणून मी ती धुतलीसुद्धा नाही. तशीच घडी घातली, जुन्या पातळात गुंडाळली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. एका थंडीत धाकटी बहीण म्हणाली, "अक्का, एवढा हिवाळा आईची शाल मला दे ना." मी म्हटले, "नको ग, वापरून विरेल. जपून ठेवलीय ती." ती गप्प बसली. पुन्हा तिने कधी विषय काढला नाही.

पुढे दोन वर्षांनी लेकीच्या डोहाळजेवणाच्या वेळी मी ट्रंक उपसली. शाल हातात घेतली, तर तिची चाळण झालेली! मानेपाशी जिथे आईचा घाम लागला होता आणि एका कोपऱ्याला जिथे प्रसादाचे तूप सांडले होते, तिथेच सर्वांत जास्त भोके. मी ट्रंकेपाशीच बसून रडले. ज्या शालीला बहिणीला हात लावू दिला नाही, ती मी कसरीसाठी जपली होती.

मग मला रागच आला. बाजारातून डांबराच्या गोळ्यांची पाकिटे आणली आणि साऱ्या ट्रंका, कपाटे, गाठोडी यांत मूठमूठ टाकल्या. त्यातच लेकीच्या बाळंतपणासाठी काढून ठेवलेली दुपटी, झबली आणि कुंची होती.

आता पुढची गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण ती सांगण्यासाठीच मी उभी राहिले आहे.

नातू झाला. तिसऱ्या दिवशी घरी आला. न्हाऊमाखू घातले, अंगाला भरपूर तेल चोळले आणि ट्रंकेतल्या दुपट्यात गुंडाळले. दुपट्याला गोळ्यांचा वास येत होता, तर मला वाटले, बरे झाले, कपडे निर्धोक आहेत. दोन दिवसांत पोराचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. दूध ओढीना. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बाळाचे दुपटे नाकाशी धरले आणि मला विचारले, "आजी, या कपड्यांत डांबराच्या गोळ्या होत्या का?" मला पहिल्यांदाच कोणी आजी म्हटले, आणि ते असे.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते माझ्या भाषेत सांगते. थोडी कावीळ पुष्कळ नवजात बाळांना होते आणि उतरते. पण काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचा एक घटक जन्मतःच कमी असतो. हे घराण्यातून येते, आणि बाळ बघून कळत नाही. अशा बाळाच्या अंगात त्या गोळ्यांचा अंश गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. तो श्वासातून जातो, कातडीतूनही जातो. आणि अंगाला तेल असले तर अधिकच शोषला जातो. आमच्या बाळाच्या रक्तात तो घटक कमीच निघाला. त्याला निळ्या दिव्याखाली ठेवले, रक्तही द्यावे लागले. ते सहा दिवस मी कसे काढले ते देवाला ठाऊक. लेकीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याचेच मला जास्त लागले. आता नातू घरभर धावतो आहे, म्हणून हे बोलण्याचे बळ आले.

तेव्हा भगिनींनो, पहिली गोष्ट ही: जिथे तान्हे बाळ आहे, तिथे त्याच्या कपड्यांत आणि अंथरुणात डांबराची गोळी नको. कोणाकडून आलेल्या कपड्यांना तो वास येत असेल, तर ते बाळाला घालूच नका. चालत्या मुलांना ती गोळी पेपरमिंटसारखी दिसते. एखाद्याने तोंडात घातलीच, तर घरगुती उपाय करीत न बसता लगेच दवाखाना गाठावा.

मग कसरीचे करायचे काय? माझा भाचा शेतकी कॉलेजात शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने ती फाटकी शाल भिंगाखाली धरून मला सर्व दाखवले. कसर म्हणून आपण दोन निरनिराळ्या किड्यांना एकाच नावाने ओळखतो. एक चंदेरी, बिनपंखांची, शेपटीला तीन केस असलेली. ती पुस्तके आणि खळ घातलेले सुती कपडे कुरतडते. शाल खाणारी ती वेगळी. तिचे पाखरू गव्हाच्या दाण्याएवढे, पिवळसर सोनेरी. दिव्यावर झेपावणारी पाखरे ही नव्हेत. हिला अंधार प्रिय. आणि गंमत अशी, की हे पाखरू काहीच खात नाही. मादी लोकरीत 40-50 अंडी घालते, आणि त्यांतून निघालेली पांढुरकी अळी आपला कपडा खाते. ऊब आणि खाणे चांगले मिळाले तर दोनेक महिन्यांत तिचे पाखरू होते. नाहीतर दोन-दोन वर्षे ती तशीच कुरतडत राहते.

तिला लागते लोकर, केस, पिसे, रेशीम. त्यातही घामाचा, तुपाचा, दुधाचा डाग असलेला कपडा तिला फार आवडतो. म्हणजे मी आईचा वास राखायला गेले आणि तिच्यापुढे ताटच वाढून ठेवले. आपल्या घरातली धाबळी, पूजेचा मुकटा, जेवणावळीत नेसलेली पैठणी, हे सारे आपण एकदा वापरतो आणि तसेच आत ठेवतो. कसर तिथेच येते.

तर मी आता काय करते ते सांगते. वर्षातून दोनदा, वैशाखात आणि पाऊस सरल्यावर नवरात्राच्या आधी, सर्व ट्रंका रिकाम्या करते. लोकरीचे कपडे कडक उन्हात उलटेपालटे करून घालते आणि शिवणी, खिसे, कॉलर ब्रशाने झाडते. अंडी तिथेच चिकटलेली असतात. रेशमी आणि जरीची पातळे उन्हात रंग सोडतात, म्हणून ती सावलीत वाऱ्यावर टाकते, आणि घडी मोडून दुसरीकडून घालते. लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात धुते. डाग काढल्याशिवाय काहीही आत ठेवत नाही. धुतलेला कपडा पूर्ण वाळला की स्वच्छ सुती कापडात बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

एखाद्या कपड्याला कसर लागल्याची शंका आली, तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवावा. कप्पा आईस्क्रीम दगडासारखे राहील इतका गार हवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर कपड्याला दव धरते. लवंगा आणि कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर ठेवा. पण आत बसलेली अळी त्या वासाने मरत नाही, एवढे लक्षात असू द्या.

आणि घरही पाहावे. पलंगाखालचा केर, जुनी घोंगडी, खिडकीवरचे पारव्यांचे घरटे, आणि आपण फटीत खोचून ठेवतो ते गुंतवळ, या साऱ्यांत कसर पोसते. आपल्या मंडळाची भजनाची पेटीसुद्धा एकदा उघडून बघा, बाई. आतल्या बनातीला ती सोडत नाही.

शेवटी शालीचे सांगते. बहिणीला मी बोलावून घेतले आणि शाल तिच्यापुढे ठेवली. म्हटले, "तुझे ऐकले असते तर ही आज तुझ्या खांद्यावर असती." ती म्हणाली, "अक्का, कात्री आण." आम्ही दोघींनी चांगला भाग वेगळा काढला, धुतला, त्याचे दोन तुकडे केले आणि कडेने शिवण घातली. एक तिच्याकडे आहे, तो ती थंडीत रोज गळ्याशी घेते. दुसरा माझ्याकडे. आता त्याला आईचा वास येत नाही, उन्हाचा येतो. पण त्याला अजून एक भोक पडलेले नाही, कारण तो ट्रंकेत नाही, खुंटीवर आहे.

तुमच्याही ट्रंकेच्या तळाशी कोणाची तरी आठवण असेल. येत्या नवरात्राआधी ती बाहेर काढा, ऊन दाखवा, आणि कोणी मागितली तर देऊन टाका.