यादीत शेवटचे नाव कोणाचे?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणी कामगार. शाळा थोडी, जे शिकलो ते पाळीनंतर वाचून आणि सभांतून ऐकून. आज आम्हाला 'अडचणीच्या काळातील नेतृत्व' हा विषय दिला आहे. शब्द मोठा आहे, आम्ही खात्यातल्या भाषेत बोलू. काम जोरात असते तेव्हा कोणीही पुढारी शोभतो. सूत उठत नाही, पाळ्या कमी होतात, गेटवर नोटीस लागते, तेव्हा तो कोणाकोणाची नावे यादीत धरतो ते पाहावे.

१९२८ सालची गोष्ट घ्या. मुंबईत कापड गिरण्यांचा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. मागण्या पगाराच्या, कामाच्या बोजाच्या. पण विणकाम खात्यात पगार बरा असून तिथे अस्पृश्य कामगाराला उभे करीत नसत, ही गोष्ट त्यांत नव्हती. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की धागा भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने कसा घ्यायचा? विटाळ! मग आपल्या माणसाने रिंग खात्यात कमी पगारावर राहायचे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने हीच तोंडाने ओढण्याची पद्धत रोगाच्या भीतीने १९११ मध्ये कायद्याने बंद केली. तिकडे भीती जंतूंची, इकडे जातीची!

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले, ही मागणी घाला, नाहीतर आमची माणसे संपात उतरणार नाहीत. नाराजीने का होईना, मागणी घातली गेली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमच्यामुळे नाही. मालकांचा कावा होताच, पण बोलणे अगदीच खोटे नव्हते. विटाळ पाळणारा शेजारच्या मागावरचा कामगारच होता. कामाची जागा साहेबच बिघडवतो असे आम्ही नेहमी म्हणतो. तसे नसते हो.

आपल्या शेजारच्या मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. आपला माणूस जन्मभर गँगमन का राहतो, हे त्यांनी तिथे मांडले. त्याला साधा पोर्टरही करीत नसत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीही कामे करून घेई, आणि घरात आपला माणूस चालत नसे! ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू त्यांनी तिथेच सांगितले. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक तंट्याच्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात कम्युनिस्टांशी मतभेद असूनही ते त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. बिल पास झाले ते झालेच. पण १९२८ ला अट घालणारा माणूस दहा वर्षांनी सगळ्यांबरोबर उभा राहिला, यात विसंगती नाही. आधी आपली जागा मागितली, मग त्या जागेवरून सगळ्यांसाठी लढले.

१९४२ ला ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले. महायुद्ध चालू, सगळीकडे तंगी. त्याच वर्षी मालक, मजूर आणि सरकार अशी त्रिपक्षीय परिषद सुरू झाली. १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तंगी आहे म्हणून मजुराला टेबलावरून उठवले नाही, उलट बसवले.

आता आमचेच सांगतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर आमची सूतगिरणी अर्ध्या पाळ्यांवर सुरू झाली. परत कोणाला बोलवायचे, याची यादी आम्हीच, कामगारांच्या माणसांनी, साहेबांपुढे ठेवायची होती. मीटिंगमध्ये कायम कामगारांची नावे भराभर लिहिली गेली. तेव्हा वेस्ट कापूस वेचणाऱ्या एक मावशी दारातून म्हणाल्या, "भाऊ, आमचं खातं गिरणीत नाही का?" त्या ठेकेदाराकडच्या. थोडी कुरकुर झाली. कोणी म्हणाले, आधी आपले तर होऊ द्या. शेवटी आठवड्याचे दिवस वाटून घ्यायचे ठरले. कायम माणसाचा एकेक दिवस गेला, वेचणाऱ्या बाया परत आल्या. दोघेतिघे अजूनही आमच्याशी धड बोलत नाहीत. असो.

ठेकेदाराकडे काम करणारे कितीतरी जण आज इथे बसलेत. येत्या रविवारी वंदनेनंतर थांबा. पगाराची पावती, हजेरी कार्ड, पी.एफ.चा नंबर, जे असेल ते आणा. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी तर नक्की या. त्यांची नावे आधी लिहून घेऊ.

जय भीम.