सुट्टीतला अर्धा तास
(उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच्या बैठकीत केलेले भाषण)



मे महिना आला की आपण माहेरी, सासरी, नाहीतर कुठेतरी सहलीला जातो. सुट्टी मुलांची असते, नवऱ्याची असते. आपली असते का?

गेल्या वर्षी मी रत्नागिरी जिल्ह्यात माहेरी पंधरा दिवस होते. फणसाची साटं, पाहुण्यांचे चहा, दोन वेळच्या पंगती. रात्री कंबर धरलेली असे. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, पण आठवडाभर तो पाहिलाही नव्हता.

आठव्या दिवशी पहाटे चालायला निघाले, तेव्हा हातात रिकामी पिशवी घेतली. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "कुठे गो निघालीस?" "भाजी बघते," मी म्हटलं. वस्तीत बायकांना त्यांचे हक्क समजावणारी मी. पण नुसतं चालायला निघाले आहे हे सांगायची लाज वाटली. माझा भाऊ रोज किनाऱ्यावर धावतो, त्याला कोणी काम विचारत नाही.

घरकामात व्यायाम होतोच की, असं आपल्याला ऐकवलं जातं. श्रम होतात हे खरंच, आणि ते कोणी मोजत नाही ही आपली जुनी तक्रार. पण तासन्‌तास ओट्यापाशी उभं राहून, वाकून केर काढून त्याच त्या सांध्यांवर ताण येतो. मोकळ्या हवेत, ताठ मानेने, आपल्या गतीने चालणं ही वेगळी गोष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा; म्हणजे पाच दिवस अर्धा तास. तो तुकड्यातुकड्यांनी केला तरी चालतो. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा. किनाऱ्यावर पाण्यालगतच्या घट्ट वाळूत चाला. भुसभुशीत वाळूत पाय मुरगळतो.

आठवड्यातून दोनदा स्नायूंना बळ देणारा व्यायामही हवा. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, तेव्हा हे बळ उपयोगी पडतं. त्याला साधनं लागत नाहीत. झाडाला धरून टाचा उचला. पारावर बसून हात न टेकता दहादा उठा. कुंपणाच्या भिंतीला तळहात टेकून अंग पुढे-मागे न्या. ऊन चढण्याआधी परता, पाणी प्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

चौथ्या दिवशी वहिनी म्हणाली, "ताई, मीपण येते." आई म्हणाली, "मग चहा कोण करणार?" माझीच आई! शेवटी चहा दादाने केला, कुरकुरत. वहिनी आणि मी चालता चालता जे बोललो, ते दहा वर्षांत बोललो नव्हतो.

मी परतल्यावर तिचं चालणं बंद पडलं. फोनवर म्हणाली, "एकटी कशी जाऊ? लोक विचारतात."

म्हणून सांगते, या सुट्टीत एकट्या चालू नका. जिथे जाल तिथल्या बाईला सोबत घ्या, आणि तिला तिथलीच दुसरी सोबतीण मिळवून देऊन या. यंदा मी काकूंनाच विचारणार आहे. पिशवी मात्र घरी ठेवणार आहे.